तिटेएवढी जागा

पडलेलं पोर रडत रडत आईकडे जातं, हे कुणी शिकवावं लागत नाही. कुत्र्याच्या पिल्लालाही ते येतं. पण तीर्था मगदूम चौथ्या वर्षात होती तेव्हा सांगलीच्या एका बागेत घसरगुंडीवरून तोंडावर आपटली. ओठ फुटला, रक्त आलं, तिनं भोकाड पसरलं. तिची आई शाल्मली बाकावरून उठून धावली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हात पसरले. तीर्थानं त्या हातांकडे पाहिलं. मग ती वळली, घसरगुंडीच्या लोखंडी खांबापाशी गेली आणि खांबाला डावा गाल टेकवून रडणं संपेपर्यंत तिथंच रडली.

हात पसरून बसलेल्या शाल्मलीला उठावं की तसंच बसून राहावं ते कळेना.

"किती समजूतदार हो तुमची मुलगी," बाकावरच्या एक बाई म्हणाल्या. "आमचं कार्टं अजून कडेवरून उतरायचं नाव घेत नाही."

असली शाबासकी शाल्मलीला तीर्थाच्या जन्मापासून मिळत आली होती. पाळण्यात घातलं की पोर झोपायची. उचललं काय नि ठेवलं काय, तिला सारखंच. अंगावर पाजताना दूध प्यायची, पोट भरलं की तोंड फिरवायची, दुकानातून काम झालेलं गिऱ्हाईक निघावं तशी. पहिलटकरीण शाल्मलीला वाटायचं, देवानं आपल्याला गुणी बाळ दिलं. शेजारणींना हेवा वाटायचा आणि तिनं तो भरपूर मिरवून घेतला. त्या दिवशी बागेत मात्र तिला ती शाबासकी घेता येईना. दुखलंखुपलं तर जे पोर खांबाकडे जातं, त्याला गुणी कसं म्हणायचं?

खरं तर या सगळ्याची सुरुवात लवेपासून झाली होती.

आपल्याकडे मुलगी जन्मली की घरातल्या बायका आधी तिचा रंग बघतात आणि मग अंगावरची लव. डाळीचं पीठ, साय आणि हळद लावायची. कणकेचा गोळा तेलात बुडवून पाठीवरून, कपाळावरून, दंडांवरून फिरवायचा. त्यानं लव निघते आणि पोरगी मोठेपणी केसाळ होत नाही, असा समज. जन्माची लव आपोआप गळते, उगाच लेकराची कातडी सोलू नका, असं डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पण हळदीचा बाजार भरणाऱ्या गावात हळदीविरुद्ध कोण ऐकून घेणार?

शाल्मलीच्या अंगावरून तिच्या आजीनं रोज गोळा फिरवला होता. उपयोग काही झाला नाही. शाळेत मुलं तिला अस्वल म्हणायची. भर उन्हाळ्यात ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची आणि बोलताना वरच्या ओठावर हात ठेवायची. कॉलेजात गेल्यावर तिनं एका सेंटरमध्ये प्रकाशोपचार करून घेतले, हातापायांवरचे आणि चेहऱ्यावरचे केस कायमचे घालवले, आणि आयुष्यात पहिल्यांदा बिनबाह्यांचा ड्रेस घालून रस्त्यावरून चालली. त्या दिवशी तिला जो आनंद झाला, त्याला नावं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. पुढे ती विश्रामबागेतल्या त्याच सेंटरमध्ये यंत्र चालवायला लागली. हात इतका हलका की बायका फोनवर आधी विचारायच्या, शाल्मलीताई आहेत ना.

त्या वेळच्या यंत्रांचं तत्त्व साधं होतं. कातडीवर प्रकाशाचा झोत टाकायचा. केसातला काळा रंग तो प्रकाश पितो, तापतो आणि केसाचं मूळ भाजून निघतं. मात्र केस काळा हवा. बारीक, बिनरंगी लव प्रकाशाला दिसतच नसे. मग एक निळसर मलम निघालं. ते चोळलं की केसाच्या छिद्रातून खाली उतरून मुळाशी साठायचं आणि एका ठरावीक लाल प्रकाशानं जागं व्हायचं. जागं झालं की तिथल्या प्राणवायूला असं खवळवायचं की मुळाच्या पेशी जागच्या जागी मरायच्या. चटका नाही, डाग नाही. आता लवही कायमची जाऊ लागली. त्यापाठोपाठ खास बाळांसाठी एक यंत्र आलं. आतून उजळणारा खोलगट पाळणाच तो. बाळाला मलम लावायचं, डोळ्यांवर छोट्या वाट्या बसवायच्या आणि उघडं आत निजवायचं. पलटवून एकदा पाठीवर, एकदा पोटावर. कावीळ झालेल्या बाळांना दवाखान्यात उजेडात ठेवतातच, तेव्हा कुणाला त्यात वावगंही वाटलं नाही. वर्षा-दोन वर्षांत, मुलगा असो की मुलगी, बारशाआधी बाळाला 'उजेड दाखवणं' ही रीतच होऊन बसली. पीठही गेलं आणि गोळाही गेला.

तीर्थाला घेऊन शाल्मली आणि तिच्या सासूबाई, राजमतीबाई, सेंटरमध्ये आल्या तेव्हा बाळाच्या डाव्या गालावर, कानाच्या जरा पुढे, काजळाची ठसठशीत तीट होती. काजळ काळं. प्रकाशाखाली ते तापतं आणि भाजतं, म्हणून आधी पुसून काढायचा नियम होता.

"तीट पुसायची नाही हं," राजमतीबाई म्हणाल्या. "लेकरू उंबऱ्याबाहेर काढलंय. इतक्या बायका बघायल्यात. दृष्ट लागायला वेळ लागत नाही."

दुसऱ्या कुणाची सासू असती तर शाल्मलीनं समजावून सांगितलं असतं. स्वतःच्या सासूशी, तेही बाळंतपणानंतरच्या दिवसांत, वाद घालण्यापेक्षा सोपा उपाय तिच्या खणात होता. अंगावरच्या तिळांना प्रकाश लागू नये म्हणून लावायची जाड पांढरी चिकटपट्टी. तिनं तिचा गोल कापला, तिटेवर चिकटवला आणि बटण स्वतः दाबलं. तीर्था दोनदा शिंकली. बारशाला आलेल्या बायका तिला लोण्याचा गोळा म्हणाल्या.

बागेतल्या त्या प्रसंगानंतर शाल्मली तीर्थाला घेऊन मिरजेला डॉ. ऐनापुरेंकडे गेली. मुलांच्या मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर, वयानं साठीच्या पुढच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी तीर्थाला टाचणी टोचून पाहिली, गरम-गार लावून पाहिलं. सगळं तिला बरोबर कळत होतं. मग त्यांनी छातीला तारा लावल्या आणि एक मऊ ब्रश तिच्या दंडावरून सावकाश फिरवला.

"काय होतंय गं?"

"ब्रश आहे," तीर्था म्हणाली.

"छान वाटतंय?"

तीर्थानं आईकडे पाहिलं. प्रश्न तिला समजलाच नव्हता.

"हे बघा," डॉक्टरांनी पडद्यावरची रेघ दाखवली. "असा ब्रश फिरला की कुठल्याही मुलाचं काळीज जरा निवांत होतं, ठोके मंदावतात. हिच्या काळजाला पत्ताच नाही."



"स्पर्श दोन जातींचा असतो," डॉक्टर म्हणाल्या. "एक वेगवान. काय लागलं, कुठं लागलं, हे क्षणात सांगणारा. तो हिचा उत्तम आहे. दुसऱ्याच्या नसा फार संथ. त्या बारीक लवेच्या मुळाला वेढून बसलेल्या असतात आणि त्यांना एकच गोष्ट कळते. अंगाच्या उबेचा हात, गोंजारण्याच्या वेगानं फिरलेला. त्याहून भराभर फिरवला तर त्या दाद देत नाहीत, गार वस्तू फिरवली तरी देत नाहीत. कुठं हात लागला, हेसुद्धा त्या नीट सांगत नाहीत. आपलं माणूस जवळ आहे, एवढंच मेंदूला कळवतात."

"लवेच्या मुळाला?" शाल्मलीनं विचारलं. तिला पुढचं ऐकायचं नव्हतं.

"होय. तळहाताला लव नाही, तिथं त्या जवळजवळ नसतातच. डोक्यावरच्या जाड केसांना फार कमी. पण हिच्या अंगावर लव कुठंच कशी नाही?"

शाल्मलीनं सांगितलं. पाळणा, मलम, लाल उजेड. मी स्वतः केलं, हेही सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे सांगणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही," त्या म्हणाल्या. "मलम केसाच्या मुळाशी थांबत नाही, असं मला वाटायला लागलंय. त्या नसांच्या टोकातही शिरतं."

"परत येतील?"

"नाही येत. आणि कातडीत आल्या तरी मेंदूत त्यांची वाट तान्हेपणीच पडते. माणसं चालली की पायवाट होते, तसं. हिच्या वाटेवर कुणी चाललंच नाही."

"माझ्याही अंगावर लव नाही," शाल्मली म्हणाली. "मला तर सगळं कळतं."

"तुम्ही मोठेपणी घालवलीत, तीही जुन्या यंत्रानं. तोवर तुमच्या आईनं, आजीनं ती वाट चांगली मळून ठेवली होती. कणकेच्या गोळ्यानं तुमची लव गेली नसेल, पण ते रोजचं अंग चोळणं वाया गेलं नाही."

परतीच्या वाटेवर तीर्था खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर मोजत होती. शाल्मलीनं तिला मांडीवर घेतलं. तीर्था बसली. नको म्हणाली नाही, टेकलीही नाही.

घरी सांगितल्यावर शाल्मलीचा नवरा संमेद आधी सेंटरवर भडकला, मग तिच्यावर, आणि मग कुणावर भडकावं तेच त्याला कळेना. राजमतीबाई म्हणाल्या, "मी पीठच लावा म्हणत होते." हे खरं नव्हतं. सेंटरमध्ये चला म्हणून त्यांनीच घाई केली होती, भिशीतल्या बायकांच्या सगळ्या नाती तिथं जाऊन आल्या होत्या म्हणून. पण बटणावरचं बोट शाल्मलीचं होतं.

सेंटरच्या मालकीण शिरगुप्पे मॅडम. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पाळणा काही दिवस बंदही राहिला. शाल्मलीनं नोकरी सोडली, पुन्हा त्या दारात पाऊल टाकायचं नाही म्हणून कानाला खडा लावला आणि एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. तिला वाटलं, बातमी पसरेल, आया हादरतील, पाळणे मोडीत निघतील.

बातमी पसरली. मोठ्या शहरांतल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, निष्कर्ष छापून आले, टीव्हीवर तावातावानं चर्चा झाल्या. आणि मग जे झालं त्याची कल्पना डॉ. ऐनापुरेंनीही केली नव्हती. पाळणे पुन्हा सुरू झाले आणि दारावर नवी पाटी लागली: 'शांत बाळ, निवांत आई.' जी खोट होती तिचाच गुण झाला. उजेड दाखवलेली बाळं कडेवर मागत नाहीत, नव्या माणसाकडे रडत नाहीत, आई कामावर निघाली की दारात गोंधळ घालत नाहीत. पाळणाघरं अशी मुलं आनंदानं घेऊ लागली. ज्या घरात दोघंही दिवसभर बाहेर, तिथं आणखी काय हवं होतं?

शाल्मलीनं दुकानात आलेल्या एका गरोदर बाईला सगळं समजावून सांगितलं. बाईनं शांतपणे ऐकलं.

"ताई, माझी मोठी सहा महिने खांद्यावरून उतरली नव्हती," ती म्हणाली. "मला वेड लागायची पाळी आली होती. घरात दुसरं माणूस नाही. तुम्ही येणार का धरायला?"

शाल्मलीनं लोहाच्या गोळ्या पिशवीत घालून दिल्या.

एका रविवारी तीर्था आमरस खात होती. गालभर रस. एरवी ओल्या फडक्यानं घाईघाईत पुसणाऱ्या शाल्मलीनं आज अंगठ्यानं सावकाश तिचा गाल पुसला आणि पुसता पुसता अंगठा कानापर्यंत गेला. तीर्थाचा हात वाटीतच थांबला. तिनं डोळे मिटले. मान हळूहळू कलली आणि तिच्या डोक्याचा सगळा भार आईच्या हातावर आला. शाल्मलीनं अंगठा उचलला तसं पोरीनं डोळे उघडले आणि पहिल्यांदाच, जन्मात पहिल्यांदाच, म्हणाली, "परत."

खिडकीशी नेऊन उजेडात पाहिलं तर डाव्या गालावर, कानाच्या जरा पुढे, बारीक सोनेरी लव होती. गोल. तिटेएवढी. शाल्मलीला पांढरी चिकटपट्टी आठवली आणि तिनं संमेदला हाक मारली.

त्या दिवशी घरात सण झाला. संमेदनं बोटाच्या टोकानं ती जागा गोंजारून पाहिली. तीर्था त्याच्या कुशीत शिरली, तेव्हा तो एवढा बाप्या माणूस हुंदके देऊन रडला. राजमतीबाईंनी णमोकार मंत्र म्हटला आणि तिटेचं माहात्म्य संध्याकाळपर्यंत ऐकवलं. शाल्मलीनं तेही प्रेमानं ऐकलं. आयुष्यात एकदा सासूचं ऐकलं होतं तेवढंच कामी आलं होतं.

"दार आहे म्हणायचं," डॉ. ऐनापुरे म्हणाल्या. "पण फार छोटं. त्यातून किती आत जाईल ते सांगता येणार नाही."

पुढची काही वर्षं त्या छोट्या दारावर अख्ख्या घराची गर्दी होती. सकाळी वेणी घालण्याआधी आईची पाळी, संध्याकाळी बाबांची, जेवणं झाली की आजीची. ताप आला की तीर्था आपणहून गाल पुढे करायची. हाताला खरचटलं तरी गालच पुढे करायची. शाल्मली घरच्यांना बजावायची, सारखं चोळू नका, झिजेल. मग स्वतःच तिला जवळ ओढायची. पोर आपल्याला टेकते आहे, या एका गोष्टीवर तिचे दिवस चालले होते, आणि आपण सुखी आहोत असं तिला खरोखर वाटत होतं.

तीर्था चौथीत गेली. तिच्या वर्गातली बहुतेक मुलं उजेड दाखवलेली होती. वाईट नव्हती ती. भांडत नसत, मारामाऱ्या करत नसत. कुणी पडलं तर बाजूनं जात आणि कुणाला तरी बोलावून आणत. पण कुणी कुणाच्या गळ्यात हात टाकत नसे, मधल्या सुट्टीत कुणी कुणाला चिकटून बसत नसे. बाई म्हणायच्या, इतका शिस्तीचा वर्ग आम्ही पाहिलेला नाही.

एका सकाळी वेणी अर्धी झाली असताना तीर्था म्हणाली, "आई, आता तिथं हात नको लावूस."

"का गं? दुखतं?"

"दुखत नाही. छान वाटतं." ती शब्द शोधत होती. "मग मी शाळेत जाते आणि तिथं ते नसतं. मग ते नाहीये, एवढंच दिवसभर कळत राहतं. गणित चालू असलं तरी कळतं. दुसऱ्या कुणालाच असं होत नाही. मी सगळ्यांना विचारलं."

"अगं, त्यांच्याकडे नाहीच ते. तुझ्याकडे आहे. चांगलंच आहे की."

"चांगलं असतं तर मलाच का रडू येतं?"

शाल्मलीनं वेणी पूर्ण केली. रिबनही बांधली.

तिनं हात लावणं बंद केलं. पण संध्याकाळी तीर्था तिच्या आसपास घुटमळायची, गाल पुढे करायची आणि लगेच मागे घ्यायची. एका दुपारी ती झोपलेली पाहून शाल्मलीला राहवलं नाही. तिनं हळूच अंगठा टेकवला. तीर्था झोपेतच हसली, मग जागी झाली आणि आईचा हात झिडकारून इतकी रडली की राजमतीबाई धावत आल्या.

"सांगितलं होतं ना तुला," तीर्था म्हणत होती. "सांगितलं होतं ना."

आठवड्याभरानं न्हाणीघरातून ती बराच वेळ बाहेर येईना म्हणून शाल्मलीनं दार ढकललं. तीर्था आरशासमोर उभी होती. हातात टाचा घासायची वज्री. गालावरची ती जागा तिनं घासून घासून रक्तबंबाळ केली होती.

"जात नाहीये," ती म्हणाली.

शाल्मलीनं जखम धुतली, मलमपट्टी केली आणि तिला घेऊन पुन्हा मिरज गाठलं. आता निवृत्त झालेल्या डॉ. ऐनापुरेंनी घरीच पाहिलं. जखम भरेल, मुळं खोल आहेत, काही होणार नाही, असं म्हणाल्या.

"मग मी काय करू?"

"मुलीला भूक लागते, ती खरी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या-माझ्या अंगभर तोंडं आहेत ही भूक भागवायला. कुणी खांद्यावर हात ठेवला, शेजारी कुणी चिकटून बसलं, तरी भागते. हिला तेवढंच एक. त्यातून तिच्या आजूबाजूची पोरं अशी. उपाशी माणसाला रोज एकच घास दिला तर भूक मरत नाही हो, जागी राहते."

"म्हणजे काढून टाकू?"

"ते मी सांगणार नाही. मला सांगता येत नाही."

घरात दोन तट पडले. संमेद म्हणाला, "काढून टाक बाई. पोरीचे हाल बघवत नाहीत." राजमतीबाईंनी जेवण सोडलं. "माझ्या तिटेनं राखलेलं आहे ते," त्या म्हणाल्या. "त्याला हात लावलात तर मी या घरात राहायची नाही." शाल्मली दोघांचं ऐकत होती आणि मनात तिसरंच चाललं होतं. ती जागा गेली की तीर्था तिला आई म्हणेल, नमस्कार करेल, म्हातारपणी औषधपाणीही बघेल. पण टेकणार नाही. कधीच नाही. ही जागा आपण लेकीसाठी राखतो आहोत की स्वतःसाठी, असं तिनं स्वतःला विचारलं. जे उत्तर आलं त्याची तिला लाज वाटली.

जखमेवरची खपली पडली. खाली नवी सोनेरी लव उगवली होती. तीर्थानं ती आरशात पाहिली आणि न्हाणीघराकडे वळली. तेव्हा शाल्मलीनं तिचा हात धरला.

"थांब," ती म्हणाली. "मी नेते तुला."

सेंटर आता तीन मजली झालं होतं. खालच्या दालनात पाळणे ओळीनं मांडलेले, आणि बाहेर कोचांवर तान्ही बाळं घेऊन बसलेल्या आया, आज्या, मावश्या. शाल्मलीला आत जाता जाता प्रत्येकीच्या मांडीवरून ते बाळ उचलून पळून जावंसं वाटलं. कुठं पळणार होती? शिरगुप्पे मॅडमनी तिला पाहिलं, उठून जवळ येऊन दोघींना वर पाठवलं. वरच्या मजल्यावर यंत्र चालवणारी मुलगी नवी होती. तिनं तीर्थाला खुर्चीत बसवलं आणि मलमाची डबी उघडली.

"द्या इकडे," शाल्मली म्हणाली. "मी करते."

तिनं करंगळीवर मलम घेतलं आणि त्या गोल जागेवर टेकवलं. तीर्थाचे डोळे मिटले. महिन्याभराचा उपास होता. तिची मान कलली, डोकं आईच्या मनगटावर आलं आणि तिनं एक लांब श्वास सोडला. मलम केव्हाच लावून झालं होतं. करंगळी फिरत राहिली. शाल्मलीच्या मनात आलं, अशीच हिला उचलावी आणि घरी घेऊन जावी. न्हाणीघराला कुलूप लावू, शाळा बंद करू, दिवसभर घेऊन बसू.

"आई," तीर्था डोळे न उघडता म्हणाली. तिच्या मिटल्या पापण्यांतून पाणी वाहत होतं. "लवकर कर ना. मला जमत नाहीये."

शाल्मलीनं करंगळी काढली, तिच्या डोळ्यांवर वाट्या बसवल्या आणि बटण दाबलं. लाल उजेड आला आणि गेला. एवढंसंच तर होतं. तिटेवरची पट्टी कापायलाही याहून जास्त वेळ लागला होता.

यंत्र चालवणाऱ्या मुलीनं वाट्या काढल्या आणि कापसानं मलम पुसलं. शाल्मली खुर्चीसमोर बसली. हात पुढे करावा की नाही, कळेना. मग तिनं अंगठा त्या जागेवर ठेवला आणि सावकाश कानापर्यंत फिरवला.

"काय वाटतंय?"

"तुझा अंगठा आहे," तीर्था म्हणाली.

"आणखी?"

तीर्था खरं बोलणारी मुलगी होती. तिनं नीट लक्ष देऊन पाहिलं.

"जरा गार आहे."

तिचा चेहरा उजळला होता. तिनं बाहीनं डोळे पुसले, खुर्चीवरून उतरली, स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला आणि सुटल्यासारखी हसली. शाल्मली मात्र तिथंच जमिनीवर बसून राहिली आणि तोंडावर पदर घेऊन ओक्साबोक्शी रडायला लागली. इतकी, की यंत्र चालवणारी मुलगी घाबरून बाहेर गेली.

तीर्थानं दप्तरातून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून आईच्या शेजारी ठेवली. मग भिंतीकडची खुर्ची ओढून ती समोर, हातभर अंतरावर बसली.

"तुझं झालं की सांग," ती अगदी मायेच्या सुरात म्हणाली. "मग निघू."

आणि वाट बघत राहिली. तिला घाई नव्हती.